कोरी बघितलीस ना?

प्रज्ञा,

तू गेल्यानंतरच्या जलदानाच्या विधीला मी आले होते. विहारात शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले होते. पांढरी साडी माझ्याकडे नाही, म्हणून बहिणीचा पांढरा ड्रेस घातला. तो खांद्यात एवढा घट्ट होता की हात जोडताना शिवण उसवली. तू असतीस तर आधी त्यावरच हसली असतीस. भन्तेजींनी पंचशील सुरू केलं. दर बुद्धपौर्णिमेला तुझ्या घरी खीर खायला येऊन येऊन मला ते पाठ झालंय, हे तुला ठाऊक आहे. पहिली तीन शीलं मी सगळ्यांबरोबर म्हटली. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि माझं तोंड उघडेना. शेजारच्या बाईंना वाटलं मला रडू फुटतंय. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, पाण्याची बाटली पुढे केली. मला रडू आलं नव्हतं. मला लाज वाटत होती.

बारा दिवस झाले तुला जाऊन. तू किती हुशार, किती जिद्दी, वणीहून येऊन घाटकोपरात कशी उभी राहिलीस, हे सगळं बोलून झालं. तुझे गाइड, आपले सर, मला म्हणाले, “सुलभा, तुम्ही तिच्या सगळ्यात जवळच्या. दोन शब्द बोला ना.” मी मान हलवून नाही म्हटलं. माझ्याकडे खरोखर दोनच शब्द आहेत. ते तुला सांगायचे होते, आणि वर्ष होत आलं तरी मी सांगितले नाहीत.

एम.एस्सी.ला आपण एका बाकावर बसलो, कारण भूशास्त्राच्या त्या वर्गात मुली दोनच होत्या. पहिल्याच आठवड्यात आपलं भांडण झालं ते समुद्रावरून. मी भांडुपची, पण गाव देवगड, त्याची मला भारी ऐट. मी म्हटलं, आमच्याकडे समुद्र आहे. तू शांतपणे म्हणालीस, “आमच्या वणीलाही आहे.”

“वेडी की काय! वणी यवतमाळ जिल्ह्यात ना?”

“आहे गं. वाळलाय फक्त.”

आणि पर्समधून करड्या चुनखडीचा एक तुकडा काढून माझ्या वहीवर ठेवलास. हा समुद्राच्या तळाशी साचलेला चुना आहे, मासे जन्माला यायच्याही आधीचा, तुझ्या समुद्रापेक्षा सीनियर, म्हणालीस. मी विचारलं, “मग सुकट तरी मिळते का तुझ्या समुद्रात?” तू एवढ्या मोठ्याने हसलीस की आपल्याला वर्गाबाहेर काढलं.

तुझे बाबा आयुष्यभर त्या दगडाच्या खदानीत राबले. तो फोडायचा, भट्टीत घालायचा, चुना करायचा. तुला सगळे विचारायचे की हा विषय का घेतलास. बाहेरच्यांना तू मोठमोठी उत्तरं द्यायचीस. मला मात्र एकदा म्हणालीस, “ज्या दगडानं बाबांचे हात सोलले, त्याच्या पोटात काय आहे ते एकदा बघू तर दे.”

पुढे तू त्याच कॉलेजात तासिकांवर शिकवायला लागलीस आणि जोडीला पीएच.डी. सुरू केलीस. मला नोकरी लागली तीही तिथेच, कागदावर प्रयोगशाळा सहायक, प्रत्यक्षात बाटल्या धुणारी. पोरांसमोर मी तुला मॅडम म्हणायचे. दार लागलं की “ए सुलू, चहा टाक.”

कुर्ला टर्मिनसवर तुझे दगड उतरवून घ्यायला मी यायचे, आठवतं? एकदा तीन गोण्या होत्या. हमालाने एक उचलून पाहिली आणि परत खाली ठेवली. “मॅडम, सोना भरा है क्या?” तू म्हणालीस, दगड आहेत. तो आपल्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. “पत्थर? बंबई में पत्थर कम पड़ा क्या?” रिक्षात त्या गोण्यांवर पाय ठेवून आपण घाटकोपरपर्यंत हसत आलो. तो बिचारा बरोबरच बोलला होता. पण मुंबईचा दगड काळा, ज्वालामुखीतून आलेला. तुला हवं होतं ते त्यात नव्हतं.

तुला हवा होता फॉस्फरस. शेतात खत म्हणून घालतात तोच. जिवाला लागतो, त्याच्याशिवाय पाण्यात काही वाढत नाही. समुद्राच्या तळाशी चुना साचताना पाण्यातला थोडा फॉस्फरस त्यात अडकतो आणि दगड झाल्यावरही तिथेच राहतो. खालच्या थरापासून वरच्या थरापर्यंत तो कुठे किती आहे हे मोजत गेलं, की त्या पाण्यात कधी अन्न होतं आणि कधी नव्हतं ते कळतं. थिसिसचं नाव दोन ओळींचं होतं, पण प्रश्न तू मला चार शब्दांत सांगितला होतास. समुद्र उपाशी की पोटभर?

मोजायची रीतही आपल्या दोघींची झाली होती. दगड खलात कुटायचा, पातळ आम्लात विरघळवायचा, त्यात औषध घालायचं आणि थांबायचं. फॉस्फरस असेल तर नळी निळी होते, जितका जास्त तितकी गडद. “फॉस्फरस आमच्यातलाच आहे गं,” तू म्हणायचीस, “सापडला की निळा होतो.” आणि प्रत्येक वेळी एक नळी अशी, जिच्यात दगड घालायचाच नाही. बाकी सगळं तेच, आम्ल तेच, औषध तेच. इतर लॅबमध्ये तिला ब्लँक म्हणतात, आपण कोरी म्हणायचो. ती जवळजवळ पाण्यासारखी राहायला हवी. ती निळी झाली तर समजायचं की निळेपणा दगडाचा नाही, आपल्या हातचा आहे. मग सगळं ओतून द्यायचं आणि पहिल्यापासून सुरुवात.

“कोरी बघितलीस ना?” हे तुझं पालुपदच होतं. गॅस बंद केला का, दाराला कडी घातली का, पोरांची हजेरी घेतली का, सगळ्याला एकच वाक्य. सर पण म्हणायला लागले होते.

आणि साबण नाही. हा तुझा दुसरा कायदा. धुण्याच्या पावडरीत फॉस्फरस असू शकतो, डोळ्यांना दिसत नाही, पण काचेला चिकटून राहतो. नळ्या आम्लाच्या टबात बुडवून ठेवायच्या, मग शुद्ध पाण्याने तीनदा विसळायच्या. ही माझी जबाबदारी होती. तुझ्या थिसिसच्या पहिल्या पानाचा कच्चा मजकूर तू मला दाखवला होतास. सरांचं नाव, आईबाबांचं, आणि शेवटी, ‘सुलूच्या स्वच्छ हातांना’. मी म्हटलं, काढ ते, लोक हसतील. काढलं नाहीस.

आता दसऱ्याचं सांगते. आपल्या डिपार्टमेंटला खंडेनवमीला उपकरणांची पूजा असते. तुला ती पटायची नाही. “मायक्रोस्कोपला हळदकुंकू लावलं की त्याला नीट दिसायला लागतं का गं?” मी म्हणायचे, “आईच्या पाया पडल्यावर तिचे गुडघे बरे होतात का? तरी पडतेस ना?” दर वर्षी हाच वाद, आणि दर वर्षी तू झेंडूची माळ ओवायला मदत करून मग नागपूरला जायचीस, तुमच्या धम्मचक्राच्या दिवसासाठी. गेल्या वर्षीही गेलीस. परत येताना वणीला उतरून खदानीतले तुकडे आणणार होतीस, अगदी खालच्या थराचे. बाबांनी कळवलं होतं की खदान पुढे सरकतेय आणि तो थर आता राहायचा नाही.

इकडे पूजेला प्राचार्य येणार होते. मला वाटलं, सगळं कसं लखलखलं पाहिजे. आम्लाने काच स्वच्छ होते पण चमकत नाही. मी खालच्या दुकानातून सुटी पावडर आणली आणि ब्रशने घासून घासून सगळ्या नळ्या धुतल्या. हो, तुझ्या पण, पूजा झाली की आम्लात बुडवीन म्हणून. पाटावर मांडल्या, प्रत्येक स्टँडला हळदकुंकू लावलं, वर झेंडू ठेवला. प्राचार्य म्हणाले, “वा, सुलभाताई!” मी खूश.

तू परत आलीस. खालच्या थराचे मूठभर तुकडे मिळाले होते. दोन दिवस बसून कुटलेस आणि मला विचारलंस, “नळ्या तयार?” आम्लाचा टब माझ्या डोक्यातही आला नाही. एवढ्या चकचकीत नळ्या, काही राहिलंय असं वाटलंच नाही. मी म्हटलं, “केव्हाच्या.”

औषध घातलं आणि तू फोन घ्यायला बाहेर गेलीस. तो फोन तुझ्या रिपोर्टचा होता, हे मला नंतर कळलं. मी स्टँडसमोर एकटी उभी होते. नळ्या एकेक करून निळ्या होत होत्या, आजवर कधी झाल्या नव्हत्या एवढ्या. आणि त्यांच्याबरोबर कोरीसुद्धा. फार नाही. पण निळी.

मला क्षणात कळलं. पावडर, पाट, झेंडू, सगळं डोळ्यांपुढे आलं. तुझे तुकडे संपले होते, मूठभरच तर होते, सगळे त्या नळ्यांत गेले होते. बाहेर तुझा आवाज येत होता, “हो डॉक्टर, उद्या येते.” मी कोरी बेसिनमध्ये ओतली आणि तिच्या जागी शुद्ध पाणी भरून ठेवलं. एक मिनिटही लागलं नाही.

तू आत आलीस, स्टँडकडे पाहिलंस आणि ओरडलीस, “व माय! पोटभर गं, सुलू, पोटभर!” माझे दोन्ही हात धरून तू लॅबमध्ये गोल फिरलीस. तुझे डोळे भरले होते. मला वाटलं, आनंदाने. मग वही घेऊन बसलीस आणि मी रंग मोजायच्या मशीनवरचा एकेक आकडा वाचून दाखवला. कोरीचा आकडा विचारलास तेव्हा म्हटलं, “शून्य.”

मी ठरवलं होतं की दुसऱ्या दिवशी सांगीन. दुसऱ्या दिवशी तू मला रिपोर्ट दाखवलास. मग मी ठरवलं की तुझी ट्रीटमेंट संपल्यावर सांगीन. मग काहीच ठरवलं नाही, मूग गिळून बसले. तुला माझ्याबद्दल आता काय वाटेल याची भीती होतीच, आणि नोकरीचीही होती, उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू?

तू तीनदा विचारलंस. एकदा कॅन्टीनमध्ये, इडली तोडता तोडता, माझ्याकडे न बघता. “त्या दिवशीची कोरी नीट बघितली होतीस ना गं?” मी म्हटलं, हो गं बाई. दुसऱ्यांदा तुझ्या घरी. केस गेले होते आणि तू खिडकीत बसून टोपी विणत होतीस. “सुलू, त्या दिवशीच्या कोरीचं काही आठवतं का?” मी म्हटलं, आता आराम कर, दगडांचं डोकं बंद ठेव. तिसऱ्यांदा हॉस्पिटलात. मी पेज आणली होती. दोन चमचे घेतलेस.

“गॅस बंद केलास ना?”

“केला.”

“दार लावलंस ना?”

“लावलं गं.”

“कोरी बघितलीस ना?”

“बघितली. झकास होती.”

तू मान फिरवलीस. मला वाटलं, थकलीस.

जलदान झाल्यावर तुझे बाबा माझ्याजवळ आले होते. त्यांच्या हातांना अजून चुन्याच्या भेगा आहेत. म्हणाले, “बाई, तुमीच तिच्यासंगं राहत होत्या ना? ते निळं निंगालं, तवा तिनं मले फोन केला होता. म्हने, बाबा, आपल्या खदानीतला समुद्र पोटभर होता.” मग विचारलं, “ते पुस्तकात येईन ना आता?” मी होकार दिला. अजून एक.

सरांनी ठरवलं होतं की अगदी खालच्या थराचा तो भाग तुझ्या नावाने छापायला पाठवायचा. सगळ्यांना वाटत होतं की आजारामुळे तुझं शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलं. मलाही तसंच वाटायचं, किंवा मी तसं वाटून घेतलं होतं. तक्ते नीट उतरवून काढायला सरांनी तुझी वही माझ्याकडे दिली.

दसऱ्यानंतरचं पान उघडलं. सगळे रकाने तुझ्या बारीक अक्षरांनी भरलेले, फक्त कोरीचा रकाना रिकामा. शेजारी पेन्सिलने लिहिलं होतंस, ‘शून्य? सुलूला विचारणे.’ त्याखाली दोन छोट्या रेघा. तिसऱ्या वेळी वही तुझ्याजवळ नव्हती.

मी मागची पानं चाळली. प्रत्येक दिवशी कोरीचा काही ना काही आकडा आहे, अगदी बारीक, पण आहे. औषधालाही थोडा रंग असतोच. कोरी कधीच शून्य येत नाही, आणि नुसत्या पाण्याशिवाय कशाचंच शून्य येत नाही. तुला त्याच दिवशी कळलं असणार. खोटं बोलायचं तर जरा मळकं बोलावं, एवढीही अक्कल मला नव्हती.

मला तुझा राग येतो प्रज्ञा. हळदकुंकवावरून तासतासभर भांडणारी तू, इथे का नाही भांडलीस? एकदा ओरडायचं होतंस, “काहून खोटं बोललीस गं?” मी रडले असते, पाया पडले असते, त्याच आठवड्यात गाडी पकडून वणीला गेले असते. तेव्हा कदाचित थर उरला असता. पण तू नुसती विचारत राहिलीस. चूक माझी आहे आणि राग तुझा करतेय, हे कळतंय मला. तू वाट बघत होतीस की मी आपण होऊन सांगेन. मैत्रिणीवर तेवढा विश्वास ठेवलास आणि त्यात प्रकरण गेलं, थिसिस गेला, शेवटचं वर्ष गेलं. पहिलं पान परत उघडून पाहिलं. ‘सुलूच्या स्वच्छ हातांना’ तसंच आहे. तू ते खोडलं नाहीस, आणि मला ते वाचवत नाही.

माझे बाबा गेले तेव्हा तू देवगडला आली होतीस. कोकणी बायकांच्या गराड्यात अवघडून बसली होतीस, कुणाचं बोलणं कळत नव्हतं. निघताना किनाऱ्यावरून डबीभर वाळू घेतलीस. महिन्याने मला एक चिठ्ठी दिलीस, त्यावर वाळूतल्या फॉस्फरसचा आकडा आणि खाली एक ओळ, ‘तुझा समुद्र जेवूनखाऊन सुखी आहे, काळजी करू नकोस.’ सांत्वन करायची तुझी हीच रीत. ती चिठ्ठी देव्हाऱ्यात आहे. मी तुझ्यासाठी असं काहीच केलं नाही. तुझ्या समुद्राच्या तोंडात मी पावडर घातली.

काल सरांना सांगितलं. ते हळूच म्हणाले, “सुलभा, आता हे कुणाला सांगायलाच हवं का? तिचं एवढंच तर राहिलंय.” माझ्याही मनात तेच होतं, खोटं कशाला सांगू. मी वही उघडून पेन्सिलची ओळ दाखवली. म्हटलं, तिने विचारलंय, सर. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, पावडर सगळ्या नळ्यांत सारखी होती का, तेवढी वजा करता येईल का? मी सांगितलं की कुठल्या नळीत किती राहिली होती ते देवालाही सांगता यायचं नाही. दगड संपलाय. खदान पुढे गेली, तो थर सिमेंटात गेला. मुलुंडला उभे राहतायत त्यांतल्या एखाद्या टॉवरच्या खांबात असेल तुझा समुद्र. वर लोक फ्लॅट बघायला येत असतील.

“मग यात उरतं काय?” सर म्हणाले.

“काही नाही, सर.”

आज सकाळी तुझ्या बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं, पावडर, पूजा, कोरी, माझं खोटं. त्यांना किती कळलं कोण जाणे. मग म्हणाले, “म्हंजे उपाशीच होता का तो?”

“माहीत नाही, बाबा. असेल, नसेल. आता कधीच कळणार नाही.”

“तिले ठाऊक होतं?”

मी हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. परत लावला तर उचलला नाही.

लॅबमध्ये कुणी नाही. तुझी वही पुढ्यात आहे. तुझी पेन्सिलची ओळ मी खोडलेली नाही, तिच्याखाली तिसरी रेघ ओढली आहे. रिकाम्या रकान्यात काय भरायचं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. शाईच्या पेनाने भरलं. अक्षर वाकडं आलंय.

बघितली होती गं. निळी होती.